गाडीचं गाऱ्हाणं: सेल्फ मारून मारून हात दुखला, गाडी काही उठेना

या महिन्यात आलेल्या पत्रांचा गठ्ठा बघितला तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच ओळ, "गाडी चालू होत नाहीये, काय करू?" बस, पुढे काही नाही. आता आईला फोन करून "आमटी बिघडली" एवढंच सांगितलं तर ती पण विचारणारच ना, की खारट झाली, करपली का पातळ झाली? तसंच आहे हे. किल्ली फिरवल्यावर आवाज काय आला, दिवे लागले का, लागले ते मंद झाले का, आदल्या दिवशी गाडीचं काय केलं होतं, एवढं लिहा म्हणजे निम्मं निदान तिथेच होतं. ज्यांनी नीट लिहिलंय त्यांचे प्रश्न आधी घेतलेत, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न (कोथरूडच्या एक ताई): काका, मिस्टर सहा महिन्यांसाठी बाहेरगावी आहेत, गाडी बेसमेंटला असते आणि मी आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर काढते. दिवाळीत आम्ही बारा दिवस रत्नागिरीला माहेरी होतो, रेल्वेने गेलेलो. परत आल्यावर किल्ली फिरवली तर डॅशबोर्डचे दिवे लागले, पण सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक-टक वाजतं आणि दिवे मिणमिणतात. शेजारचे म्हणतात सेल्फ गेला. ओळखीच्या गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं बॅटरी आणि डायनामो दोन्ही बदलावं लागेल. गाडी पेट्रोल, साडेतीन वर्षांची, बॅटरी गाडीसोबत आलेलीच आहे. मागच्या वर्षी डॅशकॅम लावलाय, त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर: ताई, तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना डॅशकॅमचं, तिथेच मला सगळं सापडलं. पण आधी त्या टकटकीचं सांगतो, कारण हा आवाज ओळखता आला तर आयुष्यभर फोनवरच्या निदानाला तुम्ही फसणार नाही.

किल्ली फिरवली की आधी सेल्फच्या डोक्यावर असलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर ओढला जाणारा खटका, आत ओढला जातो, तो ओढला गेला की मोठा करंट मोटरला मिळतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सुद्धा इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर खेचतो, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना मिळून लागत नाही एवढा. बॅटरीत जीव कमी असला की सोलेनॉइड ओढायला पुरतो, पण मोटरने करंट मागितला रे मागितला की व्होल्टेज धाडकन पडतं, सोलेनॉइड सुटतो, तो सुटला की मोटरचा करंट तुटतो, करंट तुटला की व्होल्टेज परत वर येतं, परत ओढला जातो, परत सुटतो. हेच ते टक-टक-टक. म्हणजे पटापट टकटक आणि सोबत मिणमिणते दिवे असतील तर दहापैकी नऊ वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं, सेल्फ बिचारा ठणठणीत असतो. याउलट एकच दणकट "टक्" आला, दिवे लख्ख आहेत, पण पुढे काहीच नाही, तर मग सेल्फकडे संशय घ्यायचा, आतले कार्बन झिजलेले असतात नाहीतर सोलेनॉइडचे पॉइंट जळलेले असतात. आणि अजिबात काहीच आवाज नाही, दिवे मात्र छान, तर क्लचच्या पायाखालचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये आहे का ते, फ्यूज, रिले, असं बघत जायचं.

आता हिशेब बघा. तुमच्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असेल. गाडी बंद असताना पण तिचं घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर हे थोडं थोडं पीतच असतात, चांगल्या गाडीत ३० ते ५० मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला एक अँपिअर-अवरच्या आसपास, बारा दिवसांत बारा, तरी गाडी उठली असती. पण डॅशकॅम पार्किंग मोडवर रात्रंदिवस चालू असेल आणि समजा पाव अँपिअर खात असेल तर दिवसाला सहा अँपिअर-अवर झाले, सहाव्या दिवशी टाकी रिकामी! तुम्ही माहेरी आंबोळ्या खात होतात तेव्हा तो बेसमेंटच्या भिंतीचं शूटिंग करत होता. त्याची वायर थेट बॅटरीवर दिलीय का इग्निशनवर, हे वायरमनला बघायला सांगा, इग्निशनवर घेतली की किल्ली काढल्यावर तो झोपतो.

विकत काही घ्यायच्या आधी एक मल्टिमीटर घ्या, साधा तीन-चारशेचा चालतो. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बॅटरीच्या दोन टोकांना लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. मग गाडी चालू झाल्यावर परत बघा, १३.८ ते १४.५ च्या मध्ये काटा असेल तर अल्टरनेटर म्हणजे तुमच्या गॅरेजवाल्याचा "डायनामो" मस्त चाललाय, त्याला हात लावायचा नाही. (खरा डायनामो जुन्या फियाटला होता, तो केव्हाच गेला पण नाव काही जाईना.) नवीन काही गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो तेव्हा एखादा आकडा इकडे-तिकडे दिसला म्हणून लगेच घाबरू नका.

आणि सगळ्यात आधी बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा. हो, हाताने. हलायलाच नको ते. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फसफसेल, मग साफ पाणी, कोरडं, आणि वरून थोडं व्हॅसलिन. सोडताना काळं म्हणजे मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, १० नंबरचा पाना लागतो. हातातली अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा, पाना एका बाजूने प्लसला आणि दुसऱ्या बाजूने बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि मध्ये अंगठी आली तर बोट भाजतं.

हे एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः शेण खाल्लंय. गॅरेज नवीन होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाला मी दोन महिन्यांत दोन बॅटऱ्या विकल्या, तिसऱ्यांदा तो माणूस परत आला तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती. दोष काय निघाला तर इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, रंगकाम करणाऱ्याने तिच्या खाली पण रंग मारून ठेवलेला, करंट जाणार कुठून? कानस घेऊन रुपयाएवढी जागा घासली आणि गाडी एका सेल्फला उठली. दुसऱ्या बॅटरीचे पैसे परत दिले, पहिलीचे त्याने मागितले नाहीत, मी पण विषय काढला नाही.

आत्ता तुम्हाला गाडी उठवायचीय तर शेजारच्यांची गाडी शेजारी उभी करून जंपर केबल लावा, क्रम लक्षात ठेवा: लाल तुमच्या प्लसला, लालचं दुसरं टोक त्यांच्या प्लसला, काळं त्यांच्या मायनसला आणि काळ्याचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला लावायचं *नाही*, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटचं टोक लावताना ठिणगी पडतेच, ती तिथे नको. त्यांची गाडी पाच-सात मिनिटं चालू ठेवा, मग तुमची मारा. काढताना उलट्या क्रमाने. आणि उठली म्हणून बेसमेंटमध्ये दहा मिनिटं रेस करून परत बंद करू नका, तेवढ्यात काही भरत नाही, त्यापेक्षा वायरमनकडे बॅटरी काढून रात्रभर चार्जरवर लावून घ्या आणि सकाळी लोड टेस्ट करा, म्हणजे भार टाकल्यावर ती टिकते का ते बघा. त्यात नापास झाली तर बदला, साडेतीन वर्षं म्हणजे आपल्या उन्हात तिचं वय झालेलंच आहे, जुनी देताना भंगाराचे पैसे कापून घ्यायला विसरू नका. गाडीला सिग्नलवर आपोआप बंद होणारी सिस्टिम असेल तर त्याच जातीची बॅटरी घ्यायची, साधी स्वस्तातली टाकली तर वर्षभरात परत मलाच पत्र लिहाल.

प्रश्न (नाशिक): रविवारी गाडी धुवायला म्हणून शेडमधून दहा फूट बाहेर काढली, लगेच बंद केली, धुतली, परत आत घ्यायला गेलो तर सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडतच नाही. बॅटरी नवीन आहे. पाणी इंजिनमध्ये गेलं का?

उत्तर: नाही हो, पाणी नाही, पेट्रोल गेलंय. थंड इंजिनला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, जुन्या गाडीत आपण चोक ओढायचो ना तेच काम तो गुपचूप करतो. तुम्ही गाडी जेमतेम वीस सेकंद चालवून बंद केली, ते पेट्रोल जळायचं राहिलं, प्लग भिजले, आणि भिजल्या प्लगवर ठिणगी काय पडणार, वर तुम्ही परत परत सेल्फ मारून आणखी पेट्रोल ओतताय.

उपाय फुकटचा आहे. अॅक्सिलरेटर पूर्ण, म्हणजे अगदी जमिनीला टेकेपर्यंत दाबून धरा आणि तसाच दाबलेला ठेवून सात-आठ सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की कॉम्प्युटर समजतो आणि पेट्रोल तोडतो, नुसती हवा जाते आणि प्लग सुकतात. मध्ये अर्धा-एक मिनिट सेल्फला विश्रांती द्या, दोन-तीन वेळा करा. पकडली की पाय हळू सोडा, थोडा काळा धूर आणि वास येईल, येऊ दे. एवढं करून नाहीच उठली तर प्लग काढून पुसावे लागतील. आणि पुढच्या वेळी गाडी धुवायला काढलीच तर कोपऱ्यावरून एक चक्कर मारून आणा, किंवा सरळ ढकलून बाहेर काढा, रविवारी पोरं घरीच असतात.

प्रश्न (ठाणे): कंपनी फिटेड सीएनजी गाडी आहे. पंपावर दीड तास लाइनीत उभा राहून गॅस भरला, पैसे दिले, किल्ली फिरवली, गाडी मेली! दिवे सगळे चालू, सेल्फचा साधा आवाज पण नाही. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. चार जणांनी ढकलून बाजूला काढली. अर्ध्या तासाने मेकॅनिक आला, मागे गेला, काहीतरी केलं आणि गाडी चालू झाली, ५०० रुपये घेतले. काय केलं असेल त्याने?

उत्तर: झाकण लावलं.

खरंच सांगतो, थट्टा नाही. कंपनीच्या सीएनजी गाड्यांत गॅस भरायच्या झाकणाजवळ एक बारका मायक्रो-स्विच असतो, झाकण उघडं असलं की गाडी चालूच होऊ नये म्हणून, नाहीतर नोझल लावलेलं असतानाच एखादा महाभाग गाडी हाकायचा. पंपावरच्या पोराने झाकण नीट दाबलं नसेल, किंवा स्विचवर धूळ बसली असेल. पुढच्या वेळी असं झालं तर खाली उतरून झाकण उघडा, फुंकर मारा, परत खट् आवाज येईपर्यंत दाबा. वारंवार होत असेल तर स्विच बदलून घ्या, पण काही लोक तो स्विच वायर जोडून कायमचा बाद करून देतात, ते करू नका, तो तुमच्या जिवासाठी आहे. ५०० रुपयांचं वाईट वाटून घेऊ नका.

आणखी एक, बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर उठतात आणि मग गॅसवर जातात, म्हणजे पेट्रोलची टाकी कोरडी ठेवून "गॅस आहे की भरपूर" म्हणत बसलात तरी गाडी उठणार नाही. आणि तेच पेट्रोल सहा महिने टाकीत कुजत ठेवलंत तरी त्रास देणार. महिन्यातून एखाददा पन्नास-साठ किलोमीटर पेट्रोलवर चालवा. काही नव्या गाड्या थेट गॅसवर उठतात, तुमची कुठली ते मॅन्युअलमध्ये बघा, ते पुस्तक डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत अजून तसंच असेल.

प्रश्न (चिपळूण): २०२१ च्या २२ जुलैच्या पुरात माझी आधीची गाडी बुडाली होती. पाणी ओसरल्यावर मी उत्साहाने सेल्फ मारला, "खाट्" आवाज झाला आणि इंजिन जाम. इन्शुरन्सवाल्यांनी इंजिनचे पैसे दिले नाहीत. आता नवीन गाडी घेतलीय. परत वाशिष्ठी वर आली तर नक्की काय करायचं?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. त्या वेळी चिपळुणातून टोचन होऊन आलेल्या गाड्या मी पाहिल्यात, सीटवर वीतभर चिखल आणि ग्लोव्हबॉक्समध्ये आरसी बुकाचा लगदा.

तुमचं झालं ते असं: सिलिंडरमध्ये हवेच्या जागी पाणी शिरलेलं. हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. सेल्फने पिस्टन वर ढकलला, पाण्याला जायला वाट नाही, मग जे कच्चं असतं ते वाकतं, म्हणजे कनेक्टिंग रॉड. म्हणून पाण्यात उभी राहिलेली गाडी, सायलेन्सरच्या वर पाणी चढलं असेल तर, किल्लीला हात लावायचा नाही. इग्निशन ऑन करून "नुसतं बघतो दिवे लागतात का" हे पण नाही. जमलं तर बॅटरीचं मायनस सोडा, फोटो काढा, पाणी कुठवर होतं त्या चिखलाच्या रेघेसकट, इन्शुरन्सला कळवा आणि टोचन करून न्या. मेस्त्री प्लग काढून पाणी बाहेर उडवतो, ऑइल बदलतो, एअर फिल्टर बघतो. चहात दूध घातल्यासारखं ऑइल दिसलं तर पाणी गेलंय समजायचं.

पैशाचं म्हणाल तर साधी फुल पॉलिसी पुराचं नुकसान देते, पण बुडालेली गाडी सेल्फ मारून इंजिन फोडलं तर ते "नंतरचं नुकसान" म्हणून सहसा बाहेर काढतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं अॅड-ऑन असतं. चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर आणि आमची मुंबई, इथल्या लोकांनी ते घेतलंच पाहिजे असं माझं मत आहे, भले बाकी अॅक्सेसरीज कमी घ्या. त्यातल्या अटी मात्र वाचा, पाण्यात परत परत सेल्फ मारला तर अॅड-ऑन असूनही वाद घालणारे भेटतात.

प्रश्न (निफाड): जुनी डिझेल जीप आहे, द्राक्षबागेच्या कामाला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सात-आठ डिग्रीला उठायला जाम त्रास देते, दुपारी एका सेल्फला. बॅटरी बदलून झाली.

उत्तर: निफाडची थंडी म्हणजे पेपरात पहिल्या पानावर येणारी थंडी, तिथे डिझेल कुरकुरणारच. डिझेलला प्लगची ठिणगी नसते, हवा दाबून दाबून तापते आणि त्या तापल्या हवेवर डिझेल पेटतं. इंजिन बर्फासारखं थंड असेल तर ती उष्णता लोखंडच पिऊन टाकतं, म्हणून आत हीटर प्लग दिलेले असतात. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा येतो तो विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ. पहाटे हे दोनदा करा, म्हणजे किल्ली ऑन, दिवा विझला, ऑफ, परत ऑन, परत विझला, मग मारा.

दुपारी उठते आणि पहाटे नाही म्हणजे चारपैकी एक-दोन हीटर प्लग गेलेत असा माझा अंदाज. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगची वायर काढा आणि डोकं ते बॉडी मोजा, चांगला प्लग एखाद-दोन ओहमच्या आतच दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर मेला. सगळेच ठीक निघाले तर हीटरचा रिले बघा. डिझेल फिल्टरच्या खालच्या नळीतून पाणी सोडलं होतं का कधी? एका काचेच्या ग्लासात काढा, पाणी खाली बसतं, डिझेल वर, दिसतंच. आणि कृपा करून गोणपाट पेटवून चेंबरखाली शेकू नका, मला माहितीये तुमच्याकडे करतात.

प्रश्न (वाळवा तालुका, जि. सांगली): ऊसतोड चालू झाली की आमच्याकडे उंदीर घरात आणि गाडीत घुसतात. परवा सेल्फ छान फिरत होता पण गाडी पकडेना, वायरमनने बॉनेटखाली कुरतडलेली वायर दाखवली. आता परत तसंच झालंय. तंबाखू ठेवली तर चालते का?

उत्तर: फड तुटला की उंदरांचं घर मोडलं, ते जाणार कुठे, उबदार इंजिनच बघणार. आधी आजचं निदान. रेडिओ बंद करा, खिडक्या वर, आणि किल्ली नुसती ऑन करा, सेल्फ नको. मागच्या सीटखालून टाकीतल्या पंपाचा "घूं" असा दोन सेकंद आवाज यायला हवा. आला नाही तर पंप, त्याचा रिले, फ्यूज किंवा तिकडे जाणारी वायर, आणि तुमच्या बाबतीत मी आधी वायरच म्हणेन, या वेळी मागच्या सीटखाली बघा, तिथे पण घरटं असतं. आवाज येतोय तरी पकडत नाही तर प्लगची कॉइल आणि क्रँक सेन्सरच्या वायरी.

तंबाखूचं म्हणाल तर पानाची जुडी बॉनेटमध्ये टांगणारे पुष्कळ आहेत, आठवडाभर वास असतो तोवर उंदीर लांब राहतो, नंतर मी त्याच जुडीवर लेंड्या पडलेल्या बघितल्यात. डांबरगोळ्यांचं तसंच, वर तो वास एसीतून तुमच्याच नाकात. कायमचं म्हणाल तर तारेची बारीक जाळी, वायरींना लोखंडी किंवा जाड पाइपचं आवरण, गाडी गोठ्यापासून आणि पेंडीच्या पोत्यांपासून लांब, रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवलं तर आतला अंधार आणि ऊब दोन्ही कमी होते. सापळा लावा. आणि एक मांजर.

प्रश्न (नागपूर): इलेक्ट्रिक कार आहे, रात्री ६४ टक्के चार्ज होता, सकाळी दारच उघडेना, उघडलं तर स्क्रीन काळी. एवढी मोठी बॅटरी भरलेली असताना गाडी मरते कशी?

उत्तर: कारण तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत आणि दुसरीबद्दल शोरूममध्ये कुणी सांगत नाही. मोठी बॅटरी गाडी पळवते, पण कॉम्प्युटर, लॉक, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीचा खटका पाडणारे रिले हे सगळं चालतं साध्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ती बसली की मोठीचा दरवाजा उघडणारं कुणी नाही, कोठार धान्याने भरलेलं आणि किल्ली हरवलेली. उन्हाने बॅटरी लवकर म्हातारी होते आणि नागपूरच्या उन्हाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. रिमोटच्या आत लपवलेली लोखंडी किल्ली असते तिने दार उघडा, १२ व्होल्टला मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे जंप द्या, गाडी जागी होईल. दुसऱ्याला जंप द्यायला मात्र इलेक्ट्रिक कार वापरू नका, बहुतेक कंपन्या मनाई करतात. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, कुणाच्याही सांगण्यावरून नाही.

थोडक्यात:

*पनवेल, "किल्लीच फिरत नाही":* स्टिअरिंग लॉक झालंय, स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत हलवत किल्ली फिरवा, जोर करून किल्ली मोडू नका.

*औरंगपुऱ्यातले दादा, "बटण दाबलं की 'किल्ली सापडत नाही' असं येतं":* रिमोटचा सेल गेला, २०३२ नंबरचा नाण्यासारखा सेल असतो. तोपर्यंत रिमोटच बटणाला टेकवून दाबा, बऱ्याच गाड्या उठतात. किल्लीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती पण बाजूला काढून बघा, दोघींचं कधी कधी पटत नाही.

*बेळगाव, "हायवेला बंद पडली तर कुणाला फोन करायचा":* राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आधी गाडी कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा, तो लाल त्रिकोण डिकीत शोभेला नाही, पन्नास मीटर मागे नेऊन ठेवा आणि माणसं गाडीत बसवून ठेवू नका, रेलिंगच्या पलीकडे उभी करा.

प्रश्न (दादरचे एक आजोबा): मागच्या एका अंकात तुम्ही "धक्का स्टार्ट करू नका" असं लिहिलंत ते मला अजिबात पटलेलं नाही. मी २२ वर्षं पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, चालवली, बॅटरी बसली की शिवाजी पार्कच्या उतारावर, उतार कसला तो, पोरांना ढकलायला लावून दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की गाडी चालू. आता गाड्या महाग झाल्या आणि नाजूक पण, असंच ना?

उत्तर: आजोबा, तुमचं म्हणणं तुमच्या गाडीपुरतं शंभर टक्के बरोबर आहे, आणि शिवाजी पार्कला उतार नाही हे तुम्हीच कबूल केलंत म्हणून वाद घालत नाही.

कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीत पेट्रोलचा पंप इंजिनलाच जोडलेला, इंजिन फिरलं की तो आपोआप पंप मारणार. कार्ब्युरेटरला विजेची गरज नाही. लागते ती प्लगच्या ठिणगीपुरती, तेवढी अर्धमेली बॅटरी पण द्यायची. म्हणून चार पोरं आणि दुसरा गिअर यावर भागायचं. जुन्या अॅम्बॅसॅडरला तर समोरून हँडल घालून फिरवायचं, नीट धरलं नाही तर मनगट मोडायचं. आजच्या गाडीत पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, किल्लीतली चिप ओळखणारा कॉम्प्युटर विजेवर. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर आख्खी चाळ लावून ढकललीत तरी हे कुणी जागं होत नाही. थोडा जीव असेल आणि गिअर हाताचे असतील तर आजही उठते, नाही असं नाही, पण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या पार्टमध्ये, जातं आणि तो पार्ट बिघडला तर त्या पैशात चांगल्या तीन-चार बॅटऱ्या येतील. ऑटोमॅटिकला तर विषयच नाही. म्हणून मी जंपर केबल म्हणतो.

नाजूक झाल्या हे मात्र अर्धंच मान्य. मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात पेट्रोलची वाफ झाली म्हणून पंपावर ओलं फडकं टाकून बसलेल्या फियाटींची रांग तुम्ही पण पाहिली असेल, त्या रांगेत मी पाना घेऊन फिरलोय, फडकं ओलं करायला लोक पिण्याचं पाणी वापरायचे आणि मग बायका ओरडायच्या. पॉइंट काळे पडले की काडेपेटीच्या बाजूने घासायचे, पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की धोतराच्या सोग्याने पुसायची. आता यातलं काही करावं लागत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा मला पण भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. तुमची अजून आहे का हो? पत्रात "चालवली" असं लिहिलंय म्हणून विचारतो. असेल तर विकू नका, प्लग काढून दोन-दोन थेंब ऑइल सोडा आणि महिन्यातून एकदा इंजिन फिरवत जा, मी दादरला आलो की कार्ब्युरेटर बघून देईन.